ऑपरेशन मोफत झालं, पुढचं काय?

देगलूर तालुक्यात हाणेगाव-मरखेलच्या बाजूला एखाद्या मोठ्या गावात चार गल्ल्या फिरलं, की कुठल्या तरी ओसरीवर ती खाट दिसते. खाटेवर एका अंगाला कललेला माणूस, उशाशी पाण्याचा तांब्या, दोरीवर वाळत घातलेली जुन्या धोतराची फडकी आणि भिंतीच्या खिळ्याला अडकवलेली प्लास्टिकची पिशवी. पिशवीत सिटी स्कॅनची फिल्म, डिस्चार्ज कार्ड, रेशन कार्डाची झेरॉक्स आणि गोळ्यांची पाकिटं असतात. बहुतेक वेळा ही पाकिटं रिकामी असतात.

पुढे सांगितलेली हकिकत एका घराची नाही, अशा चार-सहा घरांची मिळून आहे. घरातल्या माणसाला आपण आबा म्हणू. वय बासष्ट, चार एकर कोरडवाहू रान, सोयाबीन आणि तूर. बीपी आहे हे आठ वर्षांपूर्वी एका शिबिरात कळलं होतं. गोळी सुरू झाली, महिनाभर चालली, मग बंद पडली. "बरं वाटायलंय की आता, गोळी कशाला खायची?" घरात कुणी वाद घातला नाही, कारण बीपी दुखत नाही. दात दुखला तर माणूस देगलूर गाठतो. बीपीसाठी कोण जातं?

एके दिवशी पहाटे गोठ्यात शेण काढताना आबांचा उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं. शेजाऱ्याच्या जीपमधून देगलूरचं उपजिल्हा रुग्णालय, तिथून 108 च्या गाडीने नांदेड. अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव दिसला. मुलाने केशरी रेशन कार्ड आणि आधार कार्ड पुढे केलं, आरोग्यमित्राने तातडीची मंजुरी घेतली, त्याच रात्री ऑपरेशन झालं. पंधराव्या दिवशी आबा घरी आले. रुग्णालयाला एक रुपयाही द्यावा लागला नाही.

हे यश आहे, आणि ते आधी नीट मान्य करायला हवं. तीसेक वर्षांपूर्वी याच गावात असा झटका आला असता, तर घरापुढे दोनच वाटा होत्या. एक म्हणजे रान गहाण टाकून नांदेड किंवा हैदराबाद गाठणं. दुसरी म्हणजे गावातच लकव्याच्या औषधवाल्याकडे नेणं आणि वाट पाहणं. 1997 मध्ये राज्याने जीवनदायी योजना आणली, पण ती मोजक्या मोठ्या आजारांसाठी होती आणि कागद फिरवता फिरवता रोग पुढे निघून जायचा. खरा बदल झाला 2 जुलै 2012 रोजी. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या पहिल्या आठांत नांदेड होतं. 21 नोव्हेंबर 2013 पासून ती सगळ्या राज्यात गेली. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, 2020 मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. 2023 च्या निर्णयाने ते पाच लाख झालं, उपचारांची संख्या 996 वरून 1356 वर गेली आणि पिवळ्या-केशरी कार्डांबरोबर पांढऱ्या कार्डाची कुटुंबंही आत आली. मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना पांढरं कार्ड असूनही आधीच प्रवेश होता, कारण शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या चौदा जिल्ह्यांत मराठवाड्याचे आठही जिल्हे मोडतात.

अशा योजनेने माणसं खरंच वाचतात का, याचं एक उत्तर देगलूरच्या शेजारीच सापडतं. सीमेपलीकडे बीदर, गुलबर्गा या भागात कर्नाटक सरकारने 2010 मध्ये वाजपेयी आरोग्यश्री योजना सुरू केली. ती आधी राज्याच्या उत्तर भागातच होती, दक्षिणेला नव्हती. त्यामुळे सीमारेषेवर योजना मिळालेली 300 गावं आणि न मिळालेली 272 गावं शेजारी-शेजारी उभी राहिली. संशोधकांनी या 572 गावांतली साठ हजार घरं तपासली. योजनेत येणाऱ्या आजारांनी होणारे मृत्यू दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांत योजना नसलेल्या गावी 0.90 टक्के होते, योजना असलेल्या गावी 0.32 टक्के. खिशातून होणारा दवाखान्याचा खर्चही सुमारे एक तृतीयांशाने कमी भरला. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये 2014 साली छापून आलेला हा अभ्यास हृदय, कर्करोग, मेंदू अशा मोठ्या उपचारांबद्दल होता. म्हणजे आबांसारख्यांबद्दल.

पण त्याच गुलबर्ग्यात आणि म्हैसूर जिल्ह्यात दुसरा प्रयोग झाला, त्याचं उत्तर वेगळं आलं. तो राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजनेबद्दल होता. तिच्यात वर्षाला तीस हजारांपर्यंतची भरती फुकट होती. दहा हजारांहून अधिक कुटुंबं घेतली, चिठ्ठ्या टाकून काहींना विमा दिला, काहींना नाही. विमा मिळालेल्यांनी दवाखाना थोडा जास्त वापरला. पुष्कळांना कार्ड वापरायला गेल्यावर ते चाललंच नाही. आणि दीड वर्षाने, साडेतीन वर्षांनी माणसांची तब्येत तपासली, तर फरक जवळपास काहीच नाही.

दोन्ही अभ्यास एकाच मातीतले. एकात जीव वाचले, दुसऱ्यात तब्येत जिथल्या तिथे. हे कोडं उलगडायचं असेल तर विमा नेमकं काय विकत घेतो हे पाहावं लागतं. तो घटना विकत घेतो. ऑपरेशन, अँजिओप्लास्टी, मोडलेल्या खुब्याची शस्त्रक्रिया. प्रत्येक घटनेचा एक ठरलेला दर, त्याला पॅकेज म्हणतात. त्यात तपासण्या, औषधं, रुग्णाचं जेवण, परतीचं भाडं सगळं येतं. घटना घडण्यापूर्वीची आठ वर्षं त्यात येत नाहीत. घटना घडून गेल्यावरची पंधरा वर्षंही येत नाहीत. घरी सोडल्यानंतरचा सल्ला आणि औषधं राज्याच्या योजनेत दहा दिवसांपर्यंत, केंद्राच्या योजनेत पंधरा दिवसांपर्यंत. बाह्यरुग्ण विभागातली साधी तपासणी, महिन्याची बीपीची गोळी, शुगरची गोळी हे विम्याच्या बाहेर.

आबांच्या घरी अकरावा दिवस उजाडला तेव्हा पिशवीतल्या गोळ्या संपत आल्या होत्या. बीपीच्या दोन, फिट येऊ नये म्हणून एक. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत सगळं लिहिलेलं होतं. मुलाला वाटलं, ऑपरेशन झालं, गोळ्यांचा कोर्सही झाला. 'कोर्स' हा शब्द गावात पक्का रुजला आहे. तापाचा, खोकल्याचा कोर्स पूर्ण होतो, मग बीपीचाही होत असणार. फिटची गोळी एकाएकी बंद केली तर फिट येण्याचा धोका वाढतो, आणि बीपीची बंद केली तर पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो, हे त्याला बसवून कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलंही असेल, डिस्चार्जच्या दुपारी, गाडी खाली उभी असताना.

त्यानंतर घरातली कामं आपोआप वाटली गेली. मुलगा रानात आणि सालभर उसनवारी फेडण्यात. सून आधी रोजाने निंदणी-खुरपणीला जायची, ती घरी थांबली. दर दोन तासांनी आबांना कुशीवर वळवायचं, नाहीतर माकडहाडावर आणि टाचेवर जखम होते. भरवताना पाठीला टेकू देऊन ताठ बसवायचं आणि जेवणानंतर अर्धा तास तसंच ठेवायचं, नाहीतर घास श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होतो. लघवीची नळी असेल तर तिची स्वच्छता. लुळ्या हाताची बोटं दिवसातून चार वेळा उघडायची, नाहीतर मूठ कायमची आवळते. हे सगळं शास्त्र आहे, मोठ्या रुग्णालयात त्यासाठी प्रशिक्षित परिचारिका असतात. इथे ते एका बाईने दोन लेकरं, चूल आणि जनावरं सांभाळून अंदाजाने शिकायचं. ज्या दिवशी सून कामावर जायची थांबली, त्या दिवशी या आजाराचं सर्वांत मोठं बिल सुरू झालं. ते कुठल्याही सरकारी हिशेबात दिसत नाही.

हिशेबाचीच गोष्ट निघाली म्हणून. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, 2021-22 मध्ये तो 39.4 टक्क्यांवर आला. ही सुधारणा मोठीच आहे. पण सुनेच्या बुडालेल्या रोजंदारीसाठी त्या तक्त्यात रकानाच नाही.

लकव्यानंतर हातापायात जी शक्ती परत यायची, तिचा मोठा भाग पहिल्या तीन-चार महिन्यांत परत येतो. व्यायाम तेव्हाच हवा. फिजिओथेरपी म्हणजे तालुक्याचं गाव, म्हणजे गाडी भाड्याने. एका फेरीचा खर्च कसाबसा निघतो, आठवड्यातून तीन फेऱ्यांचा नाही. मग चार फेऱ्यांनंतर "आता घरीच करा" यावर ते थांबतं. तीन महिने निघून जातात, आणि जो माणूस काठी टेकत परसात जाऊ शकला असता तो खाटेला चिकटतो.

यातला सर्वांत टोचणारा भाग पुढेच आहे. समजा गोळ्या बंद झाल्या आणि आबांना दुसरा झटका आला. कार्ड पुन्हा चालेल. तितक्याच तत्परतेने, पुन्हा मोफत. जी गोळी चहाच्या कपाहून स्वस्त दरात जन औषधी केंद्रात मिळते आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, ती न घेतल्यामुळे झालेल्या हजारो रुपयांच्या उपचाराचे पैसे विमा भरतो. गोळी रोज आठवण करून द्यायला माणूस मात्र त्यात नाही.

या रचनेने लोकांच्या सवयीही बदलल्या. बाह्यरुग्ण विभागात रांगेत उभं राहून औषध घेण्यापेक्षा "साहेब, अॅडमिट करून घ्या, कार्ड आहे" ही विनंती हल्ली कोणत्याही दवाखान्यात ऐकू येते. त्यात लबाडी नसते. ज्या दारावर 'मोफत' लिहिलंय त्याच दारातून माणूस आत जाणार. रुग्णालयांचंही तेच. ज्याला पॅकेज आहे त्याला खाट आहे. मधुमेहाने पाय सडला तर तो कापायला पॅकेज आहे. पाय सडू नये म्हणून लागणारी मऊ रबराची एमसीआर चप्पल, आठवड्याचं ड्रेसिंग आणि तळपाय तपासून देणारा कुणीतरी, याला पॅकेज नाही. गंमत म्हणजे हीच चप्पल कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात बधिर पायाच्या रुग्णाला सरकार कितीतरी वर्षांपासून फुकट देतं. बधिर पाय दोघांचाही सारखाच, पण रकाना वेगळा.

दीर्घ आजाराला विम्याने खरी साथ दिल्याचं एक उदाहरण आहे, डायलिसिसचं. आठवड्यातून दोन-तीन वेळा, आयुष्यभर. ते चालतं कारण प्रत्येक बैठक ही मोजता येणारी घटना आहे. सुनेने दोन तासांनी कूस बदलणं ही घटना नाही, म्हणून ती कुणी मोजत नाही.

देगलूरला आणखी एक अडचण आहे, भूगोलाची. अकोल्याहून संगारेड्डीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग गावातून जातो. एका अंगाला तेलंगण, दुसऱ्या अंगाला कर्नाटक. बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं कानावर पडतं, सोयरिकी तिन्ही राज्यांत. मोठं दुखणं आलं की अर्धा गाव नांदेडकडे पाहतो, अर्धा हैदराबादकडे. पण राज्याची योजना राज्याच्या हद्दीत थांबते, तेलंगणाची आरोग्यश्री तेलंगणाच्या रेशन कार्डावर. केंद्राच्या आयुष्मान यादीत ज्यांचं नाव आहे त्यांना देशातल्या कोणत्याही संलग्न रुग्णालयात जाता येतं. राज्याच्या यादीतून आलेल्या कुटुंबाने मात्र हैदराबादच्या गाडीत बसण्याआधी फोन करून विचारलेलं बरं. तिथे जाऊन पैसे भरून ऑपरेशन करून आलेल्यांचे पाठपुराव्याचे कागद मग इथल्या डॉक्टरला लागत नाहीत. कारण ते तिथल्या रुग्णालयाच्या फायलीत असतात.

29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तर वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत देणारं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू लागलं. चांगलंच आहे. पण म्हातारपणाचा प्रश्न ऑपरेशनपुरता असता तर काय हवं होतं! मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये देशभरात 72 हजारांवर माणसांची पाहणी केली. साठी ओलांडलेल्या चारांपैकी तिघांना कोणता ना कोणता जुनाट आजार आढळला, आणि दहांपैकी चौघांना कोणतं ना कोणतं अपंगत्व. गुडघे, डोळे, कान, विस्मरण, लघवीवर ताबा नसणं. यातल्या फारच थोड्या गोष्टींना पॅकेज आहे.

अगदी हीच पायरी एका देशाने पन्नास वर्षांपूर्वी चढली होती. जपानने 1973 मध्ये सत्तरीपुढच्या सगळ्यांना रुग्णालय मोफत केलं. घरी सांभाळायला माणूस नाही, घरच्या सेवेला पैसा नाही, रुग्णालय मात्र फुकट. परिणामी म्हातारी माणसं महिनोन् महिने रुग्णालयातच राहू लागली. आजार बरा झालेला, पण घरी नेणारं कुणी नाही. तिकडे त्याला 'सामाजिक भरती' असं नावच पडलं. खर्च फुगला तेव्हा 1983 पासून थोडी फी आली. शेवटी 2000 च्या एप्रिलमध्ये त्यांनी रुग्णालयाच्या विम्याहून वेगळा, फक्त सांभाळासाठीचा विमा सुरू केला. चाळिशीपासून सगळ्यांनी वर्गणी भरायची. पासष्टीनंतर ज्याला अंघोळ, जेवण, चालणं यासाठी मदत लागते त्याला ती किती लागते हे तपासून श्रेणी द्यायची. त्यानुसार घरी अंघोळ घालायला येणारी मदतनीस, दिवसाचं केंद्र, खाट, चाकाची खुर्ची. खर्चाचा एक छोटा हिस्सा घरच्यांनी द्यायचा.

त्या वेळी तिथे एक वाद झाला, तो आपल्याकडच्या प्रत्येक सुनेने ऐकण्यासारखा आहे. जर्मनीने 1995 मध्ये असाच विमा आणला होता आणि त्यात घरच्या सांभाळणाऱ्या माणसाला रोख रक्कम घेण्याची सोय होती. जपानमधल्या स्त्री संघटनांनी रोख रकमेला विरोध केला. पैसे दिले की ते घरात येतील आणि सून आणखी पक्की बांधली जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना पैसे नको होते, दारात येणारा माणूस हवा होता. जपानने तेच केलं.

आपल्या देशात इतकं मोठं काही नसलं तरी केरळने छोट्या प्रमाणात वाट काढली आहे. 1993 मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात वेदनाशमनासाठी सुरू झालेलं काम गावोगाव पसरलं आणि 2008 मध्ये राज्याने त्याचं धोरण केलं. ग्रामपंचायतीच्या निधीतून परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाते, नळी बदलते, जखम धुते, घरच्यांना शिकवते. तिच्याबरोबर गावातलेच स्वयंसेवक असतात. विम्याचं कार्ड त्यात लागत नाही.

महाराष्ट्रात कागदावर हे नाही असं नाही. आयुष्मान आरोग्य मंदिर असं नाव मिळालेल्या उपकेंद्रांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत द्यायच्या बारा प्रकारच्या सेवांत वृद्धांची आणि अंथरुणाला खिळलेल्यांची सेवाही आहे. बाळंतपणं, लसीकरण, क्षयरोग, हिवताप यांतून वेळ उरला तर. बीपीच्या बाबतीत मात्र एक काम नीट जमलं आहे. 2017 च्या अखेरीस सुरू झालेल्या राष्ट्रीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात राज्यातून पहिल्यांदा भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे होते. त्यातलं तंत्र फार साधं. ठरावीक औषधं ठरावीक क्रमाने, एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या, प्रत्येक रुग्णाचं कार्ड दवाखान्यात, आणि तारखेला न आलेल्याला फोन. देगलूरला आबांच्या आठ वर्षांत असा एक फोन आला असता तर ती पहाट कदाचित वेगळी गेली असती.

आज असं दुखणं घरात असलेल्यांना काही गोष्टी मात्र लगेच करता येतात, आणि त्या न केल्यामुळे पुष्कळ नुकसान होतं. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे. बीपी-शुगरच्या गोळ्या उपजिल्हा रुग्णालयाच्या असंसर्गजन्य आजारांच्या बाह्यरुग्ण विभागात मिळतात. डिस्चार्ज कार्ड घेऊन एकदा तिथे नोंद करावी, म्हणजे पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रातूनही त्या घेता येतील का ते ठरवता येतं. रुग्ण स्वतः येऊ शकत नसेल तर नातेवाईकाने ताजा बीपी लिहून न्यावा. गावातल्या आशाताईला किंवा उपकेंद्राला तो मोजून मागायचा हक्क आहे. रुग्णालयातून निघण्याच्या दिवशी आरोग्यमित्राला दोन प्रश्न विचारावेत: पुढची तपासणी कोणत्या तारखेला, आणि या आजारासाठी पाठपुराव्याचं पॅकेज आहे का. योजनेच्या पहिल्याच यादीत 972 उपचारांबरोबर 121 पाठपुराव्याचे उपचार होते, पण त्यांबद्दल विचारणारे फार कमी. अडचण आली तर राज्याच्या योजनेचा 155388 आणि केंद्राच्या योजनेचा 14555 हे मोफत क्रमांक आहेत.

कायमचं अपंगत्व आलं असेल तर प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. त्यावर संजय गांधी निराधार योजनेचं मासिक अनुदान मिळू शकतं. पासष्टीपुढच्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच तीन हजार रुपये मिळतात. रक्कम लहान आहे. पण कमोड खुर्ची आली की सुनेची कंबर वाचते, हे ज्याच्या घरी आहे त्यालाच कळेल.

आणि झटका येण्याच्या क्षणाबद्दल. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, हात उचलता येईना, बोलणं घोटाळलं, यातलं एक जरी एकाएकी झालं तरी घड्याळ पाहून वेळ लक्षात ठेवावी आणि 108 ला फोन करावा. आबांना रक्तस्राव होता, पण बहुतेक झटके गुठळीने येतात, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्याआधी सिटी स्कॅन व्हावा लागतो. देगलूरपासून नांदेडचा रस्ता, गावापासून देगलूरचा रस्ता, आणि "सकाळपर्यंत बघू" हा वेळ, सगळं त्या साडेचार तासांतच बसवायचं असतं.

आबांच्या घरी चौथ्या महिन्यात उदगीरला दिलेली मुलगी माहेरी आली. ती अंगणवाडीत काम करते. तिने पिशवी खाली काढली, रिकामी पाकिटं ओसरीवर ओळीने मांडली आणि दुसऱ्या दिवशी भावाला ती पाकिटं घेऊन देगलूरला पाठवलं. तीस दिवसांच्या गोळ्या घेऊन तो संध्याकाळी परतला. मुलीने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सकाळ-संध्याकाळचे चौकोन आखले, वहिनीला दाखवले. मग भिंतीतला खिळा उपटून तिने खाटेच्या दुसऱ्या अंगाला ठोकला, आणि पिशवी तिथे अडकवली. आबांचा डावा हात तिथपर्यंत पोचत होता.